कमानींचा डबा

जठारपेठेत नव्यानं बिऱ्हाड थाटलेल्या माणसाला कुणी 'डबेवाल्या काकूंचं घर' दाखवलं, की त्याला वाटे, या बाई डबे विकत असतील, नाहीतर कल्हईवाल्याच्या घरातल्या असतील. सत्यभामाबाई यातलं काहीच करत नव्हत्या. त्या शाळेतल्या केशवराव मास्तरांच्या बायको होत्या, तीन लेकरांच्या आई होत्या आणि त्यांच्या नावावर उभ्या आयुष्यात एकच मोठी लढाई जमा होती. ती त्यांनी जिंकली. कशी जिंकली ते सांगायला हवं, कारण त्यांना स्वतःला कुणी विचारलं तर त्या पदराआड हसून स्वयंपाकघरात निघून जात.

सत्यभामाबाईंचं माहेर अमरावतीचं, वडील भिक्षुकी करणारे. देवानं या मुलीला रूप बेताचं दिलं, उंची बेताची दिली आणि कान मात्र भलतेच तिखट दिले. भाद्रपदी पौर्णिमेला घरोघरी मातीची भुलाबाई बसली, की कोजागिरीपर्यंत महिनाभर मुलींचा घोळका रोज संध्याकाळी या घरून त्या घरी गाणी म्हणत फिरे. गाणी संपली की त्या घरची बाई झाकण लावलेला डबा आणी, खुळखुळ वाजवी आणि विचारी, ओळखा खिरापत. मुलींनी लाडू म्हणावं, फुटाणे म्हणावं, बत्तासे म्हणावं, हरावं, आणि मग डबा उघडून हातावर खाऊ पडावा. सत्यभामा तो सगळा खेळ पहिल्याच खुळखुळाटाला आटोपून टाकी. शेंगदाणे भाजलेले आहेत की कच्चे, तेसुद्धा ती सांगे. मुली इतक्या वैतागल्या की तिला डब्याच्या वेळेला अंगणात उभी करू लागल्या.

आई म्हणे, "ह्या कानाचा काय उपेग व सत्ये? सासरी गेल्यावर कान मिटून ठेवा लागतात."

आईचं एका अर्थी खरंच ठरलं. लग्न होऊन सत्यभामाबाई अकोल्याला आल्या तेव्हा घरात सासरे भगवंतराव यांचं राज्य होतं. भगवंतराव कचेरीत नाझर होते, समन्स-जप्त्यांचं काम पाहणारे. पेन्शनीत निघून बरीच वर्षं झाली, पण ते कचेरीतून निघाले तरी कचेरी त्यांच्यातून निघाली नव्हती. लेकरांची भांडणंसुद्धा ते तारखा देऊन चालवत. दूध नासलं तर कोण हजर होतं याची चौकशी होई. सुनेनं सासऱ्यापुढं बसायचं नाही, बोलायचं झालं तर दाराआडून आणि तेही सासूबाईंच्या मार्फत, अशी घरची रीत होती. सासूबाई माणिकबाई स्वभावानं लोण्यासारख्या, फक्त डोळ्यांनी अधू. दिवस चांगले चालले होते आणि त्या कानांना कामच नव्हतं.

मग घराची ओसरी नव्यानं बांधायला काढली. पंजाबराव सुतार महिनाभर अंगणात ठाण मांडून बसले. कठड्याच्या लहान लहान कमानी कापल्या, खांबांच्या चकत्या कातल्या, आणि कोपऱ्यात सागाच्या तुकड्यांचा हा ढीग पडला. सत्यभामाबाई येता-जाता त्या ढिगाकडं पाहत. एक दिवस त्यांनी माणिकबाईंना पुढं करून पंजाबरावांना सांगितलं, की हे तुकडे काचकागदानं घासून द्या, लेकरांना रचायला होतील. पंजाबरावांनी नुसते घासलेच नाहीत, तर वेड्यावाकड्या तुकड्यांच्या सुबक विटा आणि ठोकळेही करून दिले. बाईंनी ते हळद, कुंकू आणि निळीनं रंगवून गच्चीवर वाळत घातले.

भगवंतराव वर गेले आणि खाली येऊन म्हणाले, "सागाचा बंबफोड हाय थो. असा बंबफोड अकोल्यात शोधून सापडत नाई. आंघोळीचं पानी तापवाचं सोडून थ्याले कुकू लावून राहिली तुमची सून."

त्या वेळी केशवराव मध्ये पडले म्हणून तुकडे वाचले. पण बंबाच्या तोंडचा घास गेला, हे भगवंतराव विसरले नाहीत.

लेकरांना तर घबाड मिळालं. थोरली तारा पूल आणि स्टेशनं बांधी. मधला उद्धव कापसाचं जिन उभारी, वर लांबलचक धुराडं. धाकट्या चिंतामणचा हुद्दा पाडण्याचा होता आणि तो आपलं काम चोख करी. दुपारी घर कलंडलं की सत्यभामाबाई स्वतःही ओसरीवर बसत आणि दोन खांबांवर कमान चढवून पाहत. पहिल्यांदा ती दहादा पडली. मग त्यांना कळलं, की आधी प्रत्येक खांबावर एक चकती ठेवायची, मग कमान बसते. हे कळलं त्या दिवशी त्यांना इतका आनंद झाला, की संध्याकाळी भाजीत मीठ दोनदा पडलं. त्या घरात भांडी सासूबाईंची होती, ओसरी सासऱ्यांची होती, पगार नवऱ्याचा होता. स्वतःच्या डोक्यातून निघालेली आणि स्वतःच्या हातानं रंगवलेली अशी त्यांची एवढीच एक वस्तू होती.

पण तुकडे म्हणजे तुकडे. ते उंबऱ्यात, देवघरात, पाटाखाली, केशवरावांच्या जोड्यात, सगळीकडं. गणपती उठल्यावर दुसऱ्याच सकाळी भगवंतराव आंघोळ करून, सोवळं नेसून, हातात भरलेली पळी-पंचपात्री घेऊन ओसरीवरून देवघराकडं निघाले आणि त्यांची टाच एका पाचरीवर पडली. पाचर म्हणजे तिरका तुकडा, टोक वर करून पडला होता. पंचपात्री एकीकडं गेली, पळी एकीकडं गेली, आणि सोवळ्यातल्या माणसानं बोलू नयेत असे शब्द शेजारच्या आशाबाईंनी भिंतीपलीकडून ऐकले.

दुपारी निकाल लागला. सगळं घर ओसरीवर उभं, सत्यभामाबाई दाराआड.

"कोजागिरीपावतर मुदत देतो," भगवंतराव म्हणाले. "त्या दिवशी दिवेलागणीले मी सोता अनवाणी ओसरी फिरीन. एकई चीज पायाखाली आली, नाईतर जागा सोडून दुसरीकडं सापडली, का सारा माल बंबात. आपल्या घरी नियम म्हंजे नियम."

दाराआड सत्यभामाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं.

त्यांनी आधी सगळे तुकडे एका पोत्यात भरले. लेकरांना एक कमान हवी झाली, की ती सबंध पोतं उलटं करत. मग त्यांनी दुकानदारांकडून चहाचे आणि बिस्किटांचे रिकामे पत्र्याचे डबे मागून आणले. विटा एकात, ठोकळे एकात, चकत्या, पाचरी, पट्ट्या, कमानी, प्रत्येकाचा डबा वेगळा. ताराकडून सुरेख अक्षरात चिठ्ठ्या लिहून डब्यांवर डकवल्या आणि फळीवर रांग लावली. रांग पाहून त्यांचं मन भरून आलं. ते एक दिवसच टिकलं. चिंतामणला वाचता येत नव्हतं, आणि उद्धवला येत होतं तरी वाचण्यापेक्षा झाकण उघडणं लवकर होई. पाहता पाहता साऱ्या डब्यांची झाकणं निघत. झाकणांची चाकं होत, झांजा होत. आता तुकड्यांच्या जोडीला झाकणंही पायात येऊ लागली. रागवून झालं, एक दिवस खेळ बंद ठेवून झाला, चिंतामणच्या पाठीत एक धपाटाही घालून झाला. दुसऱ्या दिवशी ओसरी जशीच्या तशी.

न्हाणीतून येता-जाता भगवंतराव बंबाकडं बोट दाखवून नुसते हसत.

एव्हाना भुलाबाई बसून बरेच दिवस झाले होते. एका संध्याकाळी पेठेतल्या मुली सत्यभामाबाईंच्या घरी आल्या, गाणी झाली, खिरापतीची वेळ झाली. बाईंचे हात कणकेत होते. त्यांनी आतूनच सांगितलं, की फळीवर वड्यांचा डबा आहे, तेवढा घ्या. माणिकबाईंनी चाचपत डबा काढला, बाहेर नेला आणि वाजवला.

आतून आवाज आला तो आधी दबका, मग एकदम खडाड. मुली चपापल्या.

"खारका," एक म्हणाली.

"सुपाऱ्या."

"खोबऱ्याच्या वाट्या असतीन."

"दगडं असतीन," आशाबाई म्हणाल्या. "मास्तराच्या घरची खिरापत हाय, बाई."

मुलींच्या मधोमध मांडी घालून बसलेली तारा मान वाकडी करून ऐकत होती. ती म्हणाली, "आजी, थ्या कमानी होत."

माणिकबाईंनी झाकण काढलं. कमानीच होत्या. ओसरी हसण्यानं दणाणली आणि माणिकबाई स्वतः डोळे पुसत हसल्या. पण सत्यभामाबाई कणकेच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्या हसत नव्हत्या. ताराला कमानींचा आवाज ओळखू आला होता. शिवाय त्यांनी आणखी एक पाहिलं. उघड्या डब्यावर झडप घालणारी हीच कार्टी बंद डब्यापुढं कशी गप्प, हात मांडीवर ठेवून बसली होती. चिंतामणनंसुद्धा श्वास रोखून धरला होता. जन्मभर बिनकामाचे ठरलेले ते दोन कान सत्यभामाबाईंना त्या क्षणी आठवले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चिठ्ठ्या फाडून टाकल्या. दिवेलागण झाली की खेळ सुरू होई. ज्यानं त्यानं आपापला डबा भरायचा आणि झाकण लावायचं. बाकीच्यांनी डोळे मिटून बसायचं. भरणारा डबा वाजवी आणि विचारी, ओळखा खिरापत. विटा खडबड करत. चकत्या गोल फिरत आणि खळखळत. पाचरी टोचून बोलत. पट्ट्या सपकन् आपटत. कमानी एकमेकींत अडकून आधी गप्प राहत, मग भडकत. डब्यात एखादा परका तुकडा असला की आवाज बिघडे, आणि भरणाऱ्यानं तो शोधून योग्य डब्यात टाकेपर्यंत खिरापत नाही. कारण खिरापत आता खरीच असे, कधी गूळ-शेंगदाणे, कधी फुटाणे, कधी नुसती खडीसाखर.

पहिल्या संध्याकाळी उद्धव दोनदा फसला. तिसऱ्यांदा नाही. पोरं आता तुकडा हातात घेतला की तो जमिनीवर टाकायच्या आधी बोटानं वाजवून पाहू लागली. दिवसाही हवा तो डबा ती फळीवरच हलवून पाहत आणि तेवढाच खाली काढत. पाटाखालचे, उंबऱ्यातले, जोड्यातले तुकडे ती स्वतः हुडकून आणू लागली, कारण कमी भरलेल्या डब्याचा आवाज पोकळ येई आणि पोकळ आवाजाला ताराच्या राज्यात माफी नव्हती. चिंतामण तर पाडण्याची नोकरी सोडून भरण्याच्या नोकरीला लागला. शेजारची मुलं खेळायला येऊ लागली. आशाबाईंनी स्वतःच्या घरी डाळी-साळींच्या डब्यांवर हाच प्रयोग केला आणि तूर समजून हरभरा शिजवला, ते वेगळं.

"हे काय पोरकट लावून राह्यले," भगवंतराव आपल्या खोलीतून म्हणत. ते खोलीतून बाहेर येत नसत. पण एका संध्याकाळी डबा वाजला, आणि लेकरं तोंड उघडायच्या आत खोलीतून अगदी हळू आवाज आला, "पाचर." दुसरा डबा वाजला. "पट्ट्या." माणिकबाईंना ऐकू गेलं नाही, लेकरांना गेलं नाही. सत्यभामाबाईंच्या कानांनी ते टिपलं, आणि त्यांनी ते पोटात ठेवलं.

कोजागिरी आली. सकाळी लेकरांनी सगळे डबे तपासून फळीवर लावले आणि ती शाळेला गेली. दुपारी सासू-सून आशाबाईंकडं भुलाबाईच्या शेवटच्या दिवसाची तयारी करायला गेल्या. घरात एकटे भगवंतराव. परत आल्यावर सत्यभामाबाईंना कमानींचा डबा पाचरींच्या जागी दिसला. सकाळच्या घाईत चिंतामणनं ठेवला असेल म्हणून त्यांनी तो अलगद उचलून जागेवर ठेवला. तेवढ्यात खोलीतून भगवंतरावांचा आरडाओरडा सुरू झाला. त्यांची तपकिरीची शिसवी डबी सापडत नव्हती. ती डबी म्हणजे त्यांचा दुसरा जीव. गाद्या उलट्या झाल्या, कोटाचे खिसे उलटे झाले. तपकिरीवाचून नाझरसाहेबांचा पारा असा चढला, की आज दया-माया काही होणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं.

दिवे लागले. दुधाला आलेली मंडळी ओसरीवर बसली होती. त्यांत भगवंतरावांचे जुने स्नेही महादेवराव वकील होते. निकालाला साक्षीदार पाहिजे म्हणून भगवंतरावांनी त्यांना मुद्दाम लवकर बोलावलं होतं. भगवंतरावांनी जोडे काढले आणि अनवाणी ओसरी फिरायला सुरुवात केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, उंबरा, देवघर, पाटाखाली. पायाला काही लागलं नाही. ते पुन्हा एकदा फिरले. तरी नाही.

"पायाखालचं झालं," ते म्हणाले. "आता जागेचं. आवाजानं वळखता म्हनता न? वळखा."

तारानं डबे वाजवले आणि उद्धवनं डोळे मिटून ओळखले. विटा. ठोकळे. चकत्या. पट्ट्या. पाचरी. महादेवराव मान डोलावू लागले. शेवटी कमानींचा डबा आला. तारानं तो हलवला आणि तिचाच हात थबकला.

"कमानी हायेत," उद्धव डोळे न उघडता म्हणाला. मग त्याचा आवाज बारीक झाला. "पन आत एक परका हाय."

चिंतामणच्या ओठांचा चंबू झाला. भगवंतराव सावकाश वळले, न्हाणीकडं पाहून म्हणाले, "महादेवराव, आयकलं तुमी. घरच्याच साक्षीदारानं सांगतलं."

सत्यभामाबाई दारात उभ्या होत्या. त्यांचे कान आपलं काम करत होते. तो लाकडाचा भरीव आवाज नव्हता. ते काहीतरी पोकळ होतं, त्याला स्वतःचं झाकण होतं, आणि त्या झाकणाच्या आत काहीतरी बारीक भुसभुशीत होतं. सत्यभामाबाई उंबऱ्याच्या बाहेर आल्या. सासूबाईंच्या मार्फत नाही, दाराआडून नाही, सगळ्यांच्या देखत त्या सरळ बोलल्या.

"मामंजी, डबा उघडाच्या आधी मी वळखू का?"

भगवंतराव इतके चकित झाले की नाही म्हणायचं विसरले.

"तारा, अजून एकडाव वाजव."

तारानं वाजवला. सत्यभामाबाईंनी डोळे मिटले. अमरावतीच्या अंगणात उभ्या राहत तशा त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तपकीर."

महादेवरावांनी झाकण उघडलं. कमानींच्या गर्दीत, बसायला जागा सापडल्यासारखी, शिसवी डबी बसली होती.

पहिल्यांदा माणिकबाई हसल्या, मग महादेवराव, मग सगळी ओसरी. चिंतामण मात्र हसला नाही. तो गंभीरपणे आजोबांपुढं जाऊन उभा राहिला. "आबा, तुमची डबी कमानीत कशी गेली?"

भगवंतरावांनी छपराकडं पाहिलं, महादेवरावांकडं पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांच्या जबान्या ऐकलेल्या माणसाची आज स्वतःची जबानी होती, आणि त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती.

"कचेरी बांधून राह्यलो होतो दुपारी," ते म्हणाले. "कमान बसेना. म्हनून डबीचं टेकन देल्लं. पडली सारी. मंग जसं सापडलं तसं भरलं."

"जागा सोडून सापडली," चिंतामण म्हणाला. "मंग बंबात."

"चिंत्या," केशवराव दटावू लागले.

भगवंतरावांनी हातानंच त्यांना थांबवलं. डबी उचलली, शेवटची चिमूट घेतली, दणदणीत शिंकले आणि डबी नातवाच्या हातात दिली. "नियम म्हंजे नियम. टाक सकाळी. बाकी मालाची जप्ती उठली."

चिंतामण डबी घेऊन न्हाणीकडं पळाला. लेकरांचा एकच गलका झाला. दूध आटवायला जायचं म्हणून सत्यभामाबाई वळल्या. त्यांचे पाय हलके झाले होते आणि डोळे पुन्हा भरले होते, या वेळी रागाशिवाय.

"सूनबाई," मागून हाक आली. त्या घरात सासऱ्यानं सुनेला अशी थेट हाक मारायची ही पहिली वेळ. भगवंतराव ओसरीच्या मधोमध खाली बसले होते. त्यांनी विटांचे दोन खांब रचले होते आणि हातात निळी कमान होती. "थे कशी बसवतेत, जरा दाखव. बस इथं."

सत्यभामाबाईंनी माणिकबाईंकडं पाहिलं. माणिकबाईंना नीट दिसत नव्हतं, तरी त्यांनी मान हलवली. बाईंनी पदर खोचला आणि सगळ्यांसमोर सासऱ्यापुढं मांडी घालून बसल्या. खांब डगमगत होते म्हणून भगवंतरावांनी दोन्ही हातांनी ते धरून ठेवले. सत्यभामाबाईंनी एका खांबावर एक चकती ठेवली, दुसऱ्यावर दुसरी ठेवली, आणि वर कमान चढवली.

"आता हात काढा, मामंजी," त्या म्हणाल्या.

भगवंतरावांनी हात काढले. कमान उभी राहिली.